पैलवानाचा धडा

ऐका, लहानांनो आणि थोरांनो. राजेही होते आणि कॅमेरेही होते, अशा फार जुन्या काळातली ही गोष्ट आहे.

नदीकाठच्या एका नगरात माणसांच्या तसबिरी काढणारी एक बाई राहायची. कॅमेरा तीन पायांच्या घोडीवर बसवायचा, तबकडीत भुकटी घालून ठिणगी द्यायची, की भप्पकन पांढरा उजेड पडायचा. त्या उजेडाला लोक फ्लॅश म्हणत, आणि बाईला म्हणत उजेडबाई. तिच्या तसबिरीतली माणसं आत्ता बोलतील अशी दिसत.

उजेडबाई ही विद्या शिकवायचीही, पण एका वेळी एकालाच. लोक म्हणत, "बाई, दहाजणांना एकत्र बसवा की! वेळ वाचेल." ती म्हणायची, "भाकरी एकेकच थापायची असते."

एकदा तिच्याकडे एक पैलवान आला. गुडघा दुखावल्यामुळे त्याचा आखाडा सुटला होता. धिप्पाड देह, आवाज नगाऱ्यासारखा, पण मन लोण्याचं.

"बाई, मला माझ्या आईची तसबीर काढायचीय," तो म्हणाला. "माघी पौर्णिमेला ती यात्रेकरूंबरोबर काशीला निघणार. वाट जंगलाची, तिचं वय झालेलं. परत येईलच असं कोण सांगणार? निदान तिचा चेहरा तरी घरात राहू दे."

उजेडबाईने त्याला कॅमेरा धरायला शिकवलं, जिच्यावर तसबीर उमटते ती काच कशी बसवायची, कशी धुवायची तेही शिकवलं. मग म्हणाली, "तू लांब उभं राहायचं. फ्लॅश माणसावर रोखायचा नाही, पांढऱ्या भिंतीकडे वळवायचा. भिंतीवरून परतून येतो तो उजेड मऊ असतो. आणि तोंड बंद ठेवायचं."

पैलवानाने मान डोलावली आणि रोज तसा सराव करू लागला.

रोज त्याची शिकवणी आटोपली, की एका विणकराची लेक शिकायला यायची. मुलगी इतकी लाजाळू, की स्वतःचं नाव सांगतानाही खाली बघायची. एके दिवशी दारात गाठ पडली, तेव्हा पैलवानाने विचारलं, "काय गं, तुला काय शिकवलं बाईंनी?"

"मला म्हणाल्या, अगदी जवळ जा. फ्लॅश समोरूनच धर. आणि दादा, सारखं बोलत राहा म्हणाल्या. मला तर घामच फुटतो."

पैलवानाच्या काळजात चर्र झालं. 'म्हणजे खरी विद्या हिला, आणि मला भिंत! मी आडदांड, मला काय कळतंय, असंच वाटलं असणार बाईंना.' बाईंना विचारावं असं काही त्याच्या मनात आलं नाही. राग आला की माणूस विचारत नाही, ठरवून मोकळा होतो.

पौर्णिमेच्या सकाळी त्याने आईला ओसरीवर बसवलं. कॅमेरा तिच्या नाकाशी नेला, फ्लॅश समोर धरला आणि गरजला, "आई, हस! इकडे बघ! अशी नको, नीट बस!"

भप्पकन उजेड पडला. त्याने काच धुऊन पाहिली, तर आईचे डोळे घट्ट मिटलेले. पुन्हा काढली, तर चेहरा ओढलेला. त्यापुढच्या वेळी आईने पदरच तोंडावर घेतला.

"पुरे रे बाळा," ती हळूच म्हणाली. "राहू दे तसबीर. मनात राहीन तेवढी खूप झाली."

आता एकच काच उरली होती, आणि यात्रेकरू दुपारी निघणार होते. पैलवान लंगडत, धापा टाकत उजेडबाईच्या दारात गेला.

"बाई, तुम्ही माझ्यापासून विद्या लपवलीत! त्या पोरीला एक शिकवलंत, मला उलटंच. मी तिच्यासारखं केलं आणि सगळं बिघडलं."

उजेडबाईने त्याला पाणी दिलं. तो प्यायल्यावर म्हणाली, "अरे, तू अंगणात बोललास तरी गोठ्यातली माझी गाय उठून उभी राहते. तू जवळ गेलास की समोरचा माणूस आकसतो. ती पोर लांब राहिली, तर समोरच्याला वाटतं, हिला माझ्याशी काही देणंघेणं नाही. म्हणून तुला मागे ओढलं आणि तिला पुढे ढकललं. दोघांनाही एकाच जागी आणायचं होतं."

"कुठल्या जागी?"

"समोरचा माणूस कॅमेरा विसरतो ना, त्या जागी."

पैलवानाची मान खाली गेली. "चुकलो, बाई. आता तुम्हीच चला आणि काढा."

"मी येईन, आणि तसबीर चांगलीही येईल," उजेडबाई म्हणाली. "पण तिच्यात तुझी आई माझ्याकडे बघत असेल. चालेल तुला?"

पैलवान लंगडतच घराकडे निघाला.

घरी आई गाठोडं बांधत होती. त्याने लांब कोपऱ्यात घोडी उभी केली, फ्लॅश पांढऱ्या भिंतीकडे वळवला आणि गप्प उभा राहिला.

घरात एवढी शांतता आईला सवयीची नव्हती. तीच बोलू लागली. "लाडवांच्या डब्याला मुंग्या लागू देऊ नकोस. गुडघ्याला रोज तेल लाव. आणि रागाच्या भरात जेवण टाकू नकोस हं, तुझी खोडच आहे ती. ऐकतोयस ना?" असं म्हणून तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

भिंत उजळली.

"हे काय, काढलीस?" आई म्हणाली. "मला कळलंसुद्धा नाही!"

पैलवानाने वाकून तिचे पाय धरले.

दुपारी यात्रेकरू निघाले. पावसाळा गेला, शेतं पिकली, आणि एका सकाळी आई सुखरूप परतली. भिंतीवरच्या तसबिरीसमोर ती बराच वेळ उभी राहिली.

"अशी बघते होय मी तुझ्याकडे?" तिने विचारलं.

"लहानपणापासून," पैलवान म्हणाला. त्याचा तो हळू आवाज ऐकून आई हसली आणि चुलीकडे वळली.

तात्पर्य : दुसऱ्याला दाखवलेली वाट कितीही चांगली दिसली, तरी आपल्याला पोहोचवते ती आपल्यासाठी दाखवलेली वाटच.