नाखवा, सुईण आणि डोलकाठीचं टोक

एका खाडीच्या काठी एक नाखवा राहत होता. त्याची होडी लहानशी, एका शिडाची. माडावर आणि डोलकाठीवर चढण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरूही देत नसे.

एके सकाळी गावची सुईण धावतपळत धक्क्यावर आली. "नाखवा, पलीकडच्या गावात एक पोर अडली आहे. पहिलीच खेप. चल लवकर!"

"बसा मावशी, आत्ता पोचवतो," म्हणत नाखव्याने शिडाचा दोर ओढला. पण शीड हलेचना. डोलकाठीच्या टोकाला कप्पी होती, तिच्यातून दोर निसटून फटीत रुतून बसला होता. खाडी रुंद, पाण्याला ओढ जबर. नुसत्या वल्ह्यांनी पार होणं शक्य नव्हतं.

नाखव्याने धोतर खोचलं. "चुटकीसरशी वर जाऊन येतो."

सुईणीला प्रश्न विचारायची भारी खोड. एवढ्या घाईतही तिने विचारलंच, "काय रे, माडाला मुळं असतात. या डोलकाठीच्या खाली काय आहे?"

"पाणी आहे! ही काय विचारायची वेळ झाली?" नाखवा वैतागला आणि चढू लागला.

तो निम्म्यावर पोचला तोच होडी एका अंगाला कलली. तो जसजसा वर जाई, तसतशी ती आणखी आडवी होई. पाणी होडीच्या काठाला लागलं. तो घसरतच खाली आला. तळहात सोलवटले.

"नवल आहे मावशी! खाली असतानाही माझं वजन एवढंच असतं. मग आत्ताच ती का कलली?" तो डोलकाठीकडे बघत राहिला. मग त्याचं त्यालाच उमगलं. "खाली बसलेला माणूस होडीला दाबून धरतो. वर चढलेला तिला उलथवतो."

"मग तूच वर जायला हवंस का? ते टोक खाली नाही येत?"

नाखव्याने होडी शेजारच्या वाळूवर ओढली. हाका मारून चार माणसं जमवली, मावशींना लांब उभं केलं आणि होडी हळूहळू कुशीवर निजवली. टोक त्याच्या कमरेशी आलं. वाळूत उभं राहूनच त्याने दोर कप्पीत बसवला आणि ओढून पाहिला.

यात बराच वेळ गेला. सुईणीची नजर पलीकडच्या काठावरून हलत नव्हती.

होडी पाण्यात गेली, शीड चढलं, वाराही चांगला मिळाला. पलीकडे पोचताच सुईण पळत घरात शिरली. नाखवा अंगणात बसून राहिला. उशीर तर झाला नसेल ना, या विचाराने त्याचा जीव टांगणीला लागला होता. अखेर आतून बाळाचा टाहो ऐकू आला.

सुईण घाम पुसत दारात आली. "पायाळू होतं रे. हात लावायला कुणी नसतं, तर दोघांचंही कठीण होतं. आता सुखरूप आहेत."

नाखव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण वरून पडलो असतो, तर ही बाई त्या काठावरच राहिली असती, एवढंच त्याच्या मनात आलं.

तात्पर्य: धोक्याच्या जागी चढण्याआधी, ते काम आपल्या हाताशी आणता येतं का, हे विचारावं, घाईत तर नक्कीच विचारावं.