आवडाआत्याचं छप्पर

वर बघा रे पोरांनो. एक कौल लाल, शेजारचं काळं, एक नळीचं, एक मंगळुरी. असलं गोधडीसारखं छप्पर दुसऱ्या कुठल्या वाचनालयाला नसेल.

फार वर्षांपूर्वी आपल्या खाजणवाडीत आवडाआत्या नावाची कोळीण होती. मासे विकून झाले की रिकामी पाटी इथल्या पायरीवर ठेवायची नि आत येऊन धुरी गुरुजींकडून पेपर वाचून घ्यायची. तिचा लेक बोटीवर खलाशी. पेपरातून बोट सुखरूप बंदराला लागल्याचं ऐकलं की तिचा जीव भांड्यात पडायचा, मगच घरी चूल पेटायची.

एका वादळात वाचनालयाचं छप्पर उडालं. तालुक्याचे साहेब म्हणाले, “आषाढापर्यंत छप्पर करा, नाहीतर पुस्तकं नि पेपर तालुक्याला नेतो.” गावाजवळ तर फुटकी कवडी नव्हती.

आत्या घरोघर गेली. “एक कौल दे. परसात रचलेलं नको, छपरावरचं दे, म्हणजे वाचनालय तुझंही होईल.”

“अगं, घर गळेल की!”

“गळू दे. खाली टोप ठेव.”

असं म्हणतात, दारात बसली की कौल घेतल्याशिवाय ती हलायची नाही. छप्पर झालं, पण एका कौलाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

आषाढ लागला. छप्पर गळतं का बघायला साहेब बैलगाड्या घेऊनच आले नि त्याच घडीला आभाळ फाटलं. घरं गळायला लागली तसं अख्खं गाव वाचनालयात शिरलं. आणि इथंही टपटप! नेमकी पुस्तकांच्या कपाटावर. साहेबांनी गाडीवानांना खूण केली. मग आत्या जी भडकली! बाकावर चढून छपरावरच खेकसली, “मेल्यांनो, एका गावची ना तुम्ही? सरका की जरा!”

असं म्हणतात, कौलं सरकली. खडखड करत एकमेकांत बसली. साहेब कपाटाजवळ तळहात पसरून उभे राहिले, हात कोरडाच. “गाड्या परत न्या,” म्हणाले. हुश्श! गुरुजींनी पेपर उघडला. बोट लागली होती. आत्या पदरात तोंड घालून रडली, मग पोटभर हसली.

आता घरोघरी स्लॅब. तरी नवं घर बांधणारा आधी एक कौल आणून इथं चढवतो, मगच राहायला जातो. आणि बाकावर जागा नसली की उभा असलेला माणूस म्हणतो, “एका गावची ना तुम्ही? सरका की जरा!”

सरकतात. काय बिशाद आहे न सरकण्याची!