आबांची चकचकीत चक्रं

फार फार पूर्वी, ज्या काळाबद्दल थापा मारायला माझे आजोबासुद्धा कचरत, त्या काळातली ही गोष्ट. पोरांनो, तुम्ही पुढं सरका. मोठ्यांनो, तुम्ही मागंच बसा. तुम्हाला मधेच डुलकी लागते आणि घोरण्यानं गोष्ट बिघडते.

तर दोन टेकड्या होत्या, मधे एक घळ. पलीकडच्या टेकडीवर ओली वाडी. तिथल्या विहिरींना बारा महिने पाणी. अलीकडच्या टेकडीवर कोरडी वाडी. तिथल्या बायकांचा अर्धा जन्म घळ उतरण्यात जायचा आणि उरलेला अर्धा घागर घेऊन ती चढण्यात. पुरुष काय करत, असं विचारू नका. ते सल्ला देत.

दोन्ही टेकड्यांच्या पोटात एक गंमत होती. कुठंही खणलं की जिलेबीसारखे वेटोळे असलेले दगड निघत. लोक त्यांना चक्रं म्हणत. कुठलं बोटाएवढं, कुठलं ताटाएवढं. कुणी म्हणे ती देवाच्या हातून निसटली, कुणी म्हणे ढगातून पडली. माहीत कुणालाच नव्हतं, म्हणून भांडण भरपूर होतं.

कोरड्या वाडीला या चक्रांचं भारी वेड. चक्र सापडलं की ते आधी गावच्या म्होरक्याच्या, म्हणजे आबांच्या हाती द्यायचं. आबा ते खरबरीत दगडावर घासत, वाळूनं चोळत, वर तेलाचा हात फिरवत. चक्र असं चकाके की त्यात आबांना स्वतःच्या मिशा दिसत. मग ते चावडीत मांडायचं, मोठी पुढं, छोटी मागं. मातीनं भरलेलं चक्र कुणी तसंच चारचौघांत आणलं, तर आबा कडाडत, "न न्हालेली नवरी मांडवात आणतोस होय रे?"

आता त्या गावात नवरीसुद्धा ओल्या फडक्यानं पुसून मांडवात आणत, ते सोडा.

अशा या आबांच्या घरी ओल्या वाडीची सून आली. तिचे वडील विहिरी खणणारे. पोरीची जीभ कुदळीपेक्षा धारदार. पाणी असलेलं गाव सोडून ती इथं का आली, असं तिला सगळे विचारत. ती म्हणे, "नवरा बघितला, आड बघायचा राहिला."

त्या साली कोरड्या वाडीनं चावडीपुढं शेवटची विहीर खणायला घेतली. शेवटची अशासाठी, की आबांनी सांगून टाकलं होतं, "या विहिरीला पाणी लागलं तर राहू. नाहीतर पुनवेला गाड्या जुंपायच्या आणि खालच्या राजाच्या मुलखात जायचं. तिथं नदी आहे."

"नदी आहे, पण रान त्याचं," सून म्हणाली. "आपण तिथं गडी म्हणून राहायचं."

"तहानलेल्या मालकापेक्षा पाणी प्यालेला गडी बरा, सूनबाई," आबा म्हणाले. त्यांचा आवाज मात्र खाली गेला होता. त्या टेकडीवर त्यांच्या सात पिढ्यांची माती झाली होती.

विहीर खोल खोल जात होती. सुनेचा नवरा तळाशी खणत होता. वर येई ती कोरडी माती, कोरडा दगड आणि अधूनमधून एखादं चक्र. चक्र वर आलं की आबांचा माणूस ते झाकून पळवत नेई. पुनव अगदी तोंडावर आली, आणि एके सकाळी सून भाकरी घेऊन पहिल्यांदाच चावडीत गेली. आबांच्या हातात आदल्या दिवशीचं चक्र होतं. साफ गुळगुळीत, पाठीवर एक रेघ नाही. आबा चक्रं घासतात म्हणजे वरची माती काढतात, एवढंच सुनेला ठाऊक होतं.

सुनेच्या हातातली भाकरीची टोपली खाली आली. "मामंजी! हे आपल्या विहिरीतलं?"

"मग काय तुझ्या माहेरचं?"

"अहो, मग पाणी आलंच म्हणा! थांबवू नका खणणं!"

गाव गोळा झालं. सून सांगू लागली. ओल्या वाडीत विहीर कुठंही खणा, चक्रांचा क्रम ठरलेला. आधी पाठीवर बारीक रेघारेघांची चक्रं लागतात. त्यांच्या खाली गाठीगाठींची. त्यांच्याही खाली अगदी गुळगुळीत. आणि गुळगुळीत चक्रांच्या थराखाली पांढरा वाळूचा दगड, आणि त्यात पाणी.

"असं कसं काय?" सासूबाईंनी विचारलं.

"माझे वडील म्हणतात, इथं पूर्वी समुद्र होता. ही चक्रं म्हणजे त्यातल्या जिवांची घरं, शंखासारखी. जीव मेला की घर तळाच्या चिखलात रुतायचं. चिखलाचा दगड झाला. त्यावर नवा चिखल, नवे जीव. पिढीगणिक लुगड्याचे काठ बदलतात ना, तसे यांच्या पाठीवरचे काठ बदलत गेले. एकदा गेलेला काठ पुन्हा आला नाही. म्हणून काठ बघितला की थर कळतो."

"समुद्र?" एक म्हातारा हसून हसून खोकला. "इथं घोटभर पाणी नाही, आणि म्हणे समुद्र!"

"आणि ओल्या वाडीपेक्षा आम्ही केव्हाच खोल गेलोय," दुसरा म्हणाला. "त्यांना लागलं, आम्हाला का नाही?"

"काका, खाटेवरची गोधडी एका अंगाला घसरली, तर तिचे पदर वरखाली होतात का? फक्त एक बाजू वर राहते, एक खाली जाते. तसंच हे. खोली मोजू नका, पदर ओळखा."

हे म्हाताऱ्याला पटलं. त्याची गोधडी रोज घसरत असे.

सगळं गाव विहिरीला भिडलं. सल्ला देणारेसुद्धा दोर ओढू लागले, म्हणजे बघा. दिवसभर खणलं. निघालं काय? काळ्या कोरड्या दगडाच्या कपच्या. पांढऱ्या दगडाचा पत्ता नाही. दुसरा दिवसही तसाच गेला.

मग गावाची जीभ सुटली. "समुद्र सापडला का गं?" "होडी आणू का?" सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "लोकांच्या हाताला फोड आणलेस, बाई." आबांनी गाड्यांच्या चाकांना वंगण घालायला सांगितलं. त्यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं सुनेला वाटलं.

ती चावडीत जाऊन बसली. समोर तेच मुलखाचं खोटारडं चक्र. तिनं रागानं ते उचललं, फेकायला हात मागं नेला, आणि बोट वेटोळ्यांच्या मधल्या खाचेत गेलं.

खाचेत काहीतरी टोचलं.

तिनं चक्र उन्हात धरलं. पाठ गुळगुळीत होती. पण दोन वेटोळ्यांच्या मधल्या बारीक फटीत, जिथं घासायचा दगड पोचत नाही, तिथं गाठी होत्या. मोहरीच्या दाण्यांसारख्या, ओळीनं बसलेल्या.

ती उठून धावतच निघाली. आबा गाडीला दोर बांधत होते. तिनं चक्र त्यांच्या पुढ्यात धरलं.

"मामंजी, याला किती घासलंत?"

"मन लावून घासलं. का?"

"यावर आधी काय होतं?"

"होते कसले तरी फोड. ओबडधोबड. सगळे काढून टाकले."

"ते फोड नव्हते, मामंजी. पत्ता होता तो. तुम्ही पत्ता पुसलात आणि मी कोरा कागद वाचत बसले. हे गाठीचं चक्र आहे. गुळगुळीत थर अजून खाली आहे!"

लोक हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी चक्र घेतलं आणि खाचेतून नख फिरवलं. एकदा, मग पुन्हा. आयुष्यभर दगड चोळलेली बोटं ती. त्यांना फसवणं सोपं नव्हतं. मग ते चावडीत गेले. मांडलेलं एकेक चक्र उचलून पाहू लागले. शेकडो चक्रं, सगळी सारखी, सगळी सुंदर, आणि सगळी मुकी. कुठल्या थरातलं कुठलं, काही म्हणता काही कळेना.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या मिशा खाली आल्या होत्या.

"सूनबाई, आता काय करायचं?"

"पुढचं चक्र येईल त्याला हात लावायचा नाही."

"तसंच? मातीसकट?"

"मातीसकट."

मंडळी, राजानं राज्य सोडलं असेल, ऋषीनं रान सोडलं असेल. पण आबांनी मळलेलं चक्र तसंच ठेवायला होकार दिला, ती गोष्टच वेगळी. आबांनी गाड्यांचे बैल सोडायला लावले, आणि "खणा!" म्हणून असे ओरडले की घळीतल्या वटवाघळांची झोप मोडली.

पुन्हा कुदळी चालल्या. एक चक्र वर आलं. आबा स्वतःच्या हातांवर बसले. खरंच, दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. सुनेनं पदरानं माती टिपली. गाठी. आणखी खणलं. पुन्हा गाठी. पुनवेचा दिवस उगवला, तेव्हा तळातून आणखी एक टोपली वर आली. तिच्यात चिखलानं लडबडलेलं एक वेटोळं होतं.

चिखलानं! कोरड्या वाडीच्या लोकांनी आधी चिखलाकडेच तोंड वासून पाहिलं. तो त्यांनी फारसा बघितला नव्हता.

सुनेनं पदर फिरवला. पाठीवर रेघ नाही. गाठ नाही. तिनं खाचेत नख घातलं. तिथंही काही नाही. आतून बाहेरून गुळगुळीत.

तिनं सासऱ्याकडं पाहिलं.

"देवाशपथ, मी याला शिवलो नाही!" आबा हात वर करून ओरडले.

"पांढरा दगड लागला!" तळातून तिच्या नवऱ्याचा आवाज आला. मग कुदळीचा एक घाव, आणि मग वेगळाच आवाज, जसा कुणीतरी दबलेला श्वास सोडावा. "ओढा! अरे ओढा मला वर, मेल्यांनो!"

ओढलं तेव्हा तो कमरेपर्यंत भिजलेला होता. त्याच्या मागोमाग पाणी चढत आलं, पुरुषभर, दोन पुरुष, थंडगार आणि गोड. मग जे झालं ते काय सांगू! बायकांनी एकमेकींच्या अंगावर घागरी ओतल्या. समुद्राला हसलेला म्हातारा काठावर पालथा पडून पाणी पीत होता, उठला आणि म्हणाला, "खारट नाही हो, मग समुद्र कसला?" सुनेनं त्याच्या डोक्यावर आणखी एक घागर रिकामी केली. सासूबाईंनी सुनेची दृष्ट काढली. आबा चिखलात नाचले, आणि मिशांना लागलेला चिखल त्यांनी दोन दिवस पुसू दिला नाही.

पुढं चावडीतली मांडणी बदलली. नव्या विहिरीतली चक्रं आबांनी न घासता लावली, जो थर वर तो वर, जो खाली तो खाली. आसपासच्या गावांचे लोक आपापली मळकी चक्रं घेऊन येत, या मांडणीशी ताडून पाहत आणि आपण कुठल्या थरात आहोत ते ओळखून खणत. कुणाला पाणी लागे, कुणाला उगाच खणण्याचे कष्ट वाचत. कोरड्या वाडीतलं एकही घर टेकडी सोडून गेलं नाही. आणि कुणी पोरगं चक्र घासायला निघालं, की आबाच त्याचा कान धरून सांगत,

"जी खूण आपल्याला कळत नाही, ती नको म्हणून पुसू नये, आपल्याला हवं ते तिथंच लिहिलेलं असतं."