तीन शपथांची राख

एका राज्यात, जेथे समुद्रातून न्हाऊन निघालेला सूर्य आपली वस्त्रे प्रथम देवदारांवर वाळत घाली, तेथे तादाओकी नावाचा सामुराई सेनापती होता. त्या राज्याची रीत अशी, की योद्ध्याने निष्ठेची शपथ कागदावर लिहावी, कागद जाळावा आणि ती राख पाण्यात कालवून धन्यासमोर प्यावी. तादाओकीने ती तीनदा प्राशन केली: प्रथम शुभ्रगडाच्या वृद्ध स्वामीसमोर, मग मोठ्या सैन्याच्या मोहाने दक्षिणाधिपतीसमोर, आणि त्याचा पराभव दिसू लागताच उत्तराधिपतीसमोर.

तिसरी राख पोटात गेली, त्या दिवसापासून त्याला प्रत्येक पाणी राखेसारखे लागू लागले. झऱ्याचे, पावसाचे, हिमाचेही. डोळे मिटले, की शुभ्रगडाची शेवाळलेली विहीर दिसे आणि जीभ क्षणभर ओली होई.

आणि उत्तराधिपतीने आज्ञा केली, ती नेमकी शुभ्रगड जिंकण्याची! गडाची चोरवाट एकट्या तादाओकीला ठाऊक होती. वृद्ध स्वामी निवर्तला होता. त्याची कन्या सायोरी गड राखीत होती.

पायथ्याच्या छावणीत एक कावळा येऊन तादाओकीच्या शिरस्त्राणावर बसला.

"काय सेनापती, समुद्र पिऊन झाला का?"

"थट्टा पुरे. उतारा सांग."

"तू एकाही धन्याचा निरोप घेतला नाहीस. तो आता उलट क्रमाने घे. तिसऱ्याचा समोरासमोर, दुसरा रणात पडला, त्याचा समाधीपाशी. पहिल्याचे मात्र तुझे तू ठरव."

तादाओकीने उत्तराधिपतीच्या पायाशी सेनापतीपदाचा पंखा ठेवला. "चोरवाट मी दाखवणार नाही. मस्तक हवे असल्यास घ्यावे."

"तिघांना फसवणाऱ्याचे मस्तक माझ्या भाल्याला शोभणार नाही. चालता हो!"

तो अपमान त्याने गिळला. तोही राखेसारखाच लागला.

मग दक्षिणाधिपतीने दिलेले चिलखत तादाओकीने त्याच्या समाधीवर वाहिले. समाधीचा दगड बोलला, "उशीर केलास."

"होय, स्वामी."

"तरी आलास." दगड पुन्हा कधी बोलला नाही.

तिसऱ्या वेळी तो शुभ्रगडाच्या दारात बसला. तलवार त्याने उजव्या बाजूस ठेवली होती, ती चटकन उपसता येऊ नये म्हणून. तीन दिवस लोटले. चौथ्या दिवशी दार उघडले.

"निरोप घ्यायला आलात का, काका?" सायोरीने विचारले. "बाबांनी अखेरपर्यंत दरबारात तुमची जागा रिकामी ठेवली होती. आम्ही हसायचो त्यांना."

तादाओकीची मान खाली गेली.

"नवी शपथ लिहाल?"

"नाही, स्वामिनी. पहिलीच पाळायची राहिली आहे."

तिने विहिरीच्या पाण्याचे लाकडी ओगराळे पुढे केले. पहिला घोट राखेचा लागला, दुसरा अश्रूंचा. तिसरा निव्वळ पाण्याचा होता.

हिम पडू लागले. वाट न सापडलेले उत्तरेचे सैन्य परतले. शाप सरला, गड राहिला. तादाओकीने पद मागितले नाही. तो द्वारपाल झाला. रोज सकाळी पाण्याचे पहिले ओगराळे तो वृद्ध स्वामीच्या रिकाम्या आसनापुढे ठेवी आणि मगच स्वतः पिई. पाणी गोड लागे. थोडी तहान मात्र उरे. तिचा उतारा त्याने कोणालाही विचारला नाही.