श्वासघरातले रिकामे मडके

फार पूर्वी कुंदावती नगरीत अरिंजय राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कुंभाराच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. त्या नगरीत एक विचित्र चाल होती. माणूस शेवटच्या घटका मोजू लागला की त्याच्या तोंडाशी अरुंद गळ्याचे मडके धरीत, अखेरचा श्वास त्यात घेत आणि लाखेने तोंड बंद करीत. त्या श्वासाबरोबर माणसाचे चित्त मडक्यात उतरते, अशी सर्वांची समजूत होती. ही मडकी डोंगरातल्या एका लेण्यात ओळीने मांडलेली असत. त्याला श्वासघर म्हणत. भर दुपारी, पानही हलत नसताना, तिथे बारीक घूं घूं चाले. लोक मडक्यांना कान लावून मेलेल्यांशी बोलत आणि उत्तरेही घेऊन येत. जन्मभर सुनेशी न बोललेल्या सासवा तिथे भारी बोलक्या झाल्या होत्या.

मडकी सोमिल घडवी, आणि त्याचे बरे चालले होते.

एके वर्षी राजाचा एकुलता मुलगा तापाने गेला. राजाने त्याच्या मडक्यावर राजमुद्रा उमटवून ते सिंहासनाशेजारी ठेवले आणि तो दिवसभर त्याला कान लावून बसू लागला. "आत अंधार आहे, मला बाहेर काढा, असं म्हणतो तो," राजा सांगे. तेव्हा उग्रतेज पुरोहिताने उपाय सुचवला. युवराजाच्या वयाच्या धडधाकट तरुणाचा श्वास कोंडून देह रिकामा करायचा आणि त्याच्या ओठांवर मडके फोडायचे, म्हणजे युवराज त्या देहात उठेल. शिपायांनी मधुक नावाच्या विणकराला धरून आणले. त्याची बायको पोटुशी होती. राजा न्यायी असल्यामुळे विणकराच्या श्वासासाठीही नवे मडके करण्याची आज्ञा झाली, म्हणजे बायकोला बोलायला काही राहील.

मडकी भाजायच्या आव्यातून सोमिलने ते मडके बाहेर काढले. एक गोष्ट त्याने चार वर्षे कुणाला सांगितली नव्हती. बायको गेल्यावर तिचे मडके त्याने घरीच ठेवले होते आणि तीन वर्षे तो रोज त्याच्याशी बोलत होता. मग एकदा पेंढा उपसताना तिचे खरे मडके त्याला सापडले, केव्हाच फुटलेले. गडबडीत त्याने नमुन्याचे रिकामे मडके फळीवर ठेवले होते. आणि ते रिकामे मडके त्याला तिच्याच आवाजात, तिने ठेवलेल्या लाडक्या नावाने हाक मारीत आले होते. तेव्हापासून त्याला स्वतःच्या घराची भीती वाटे. तरीही धंदा बुडेल म्हणून तो गप्प राहिला, आणि याची त्याला फार लाज वाटत होती.

दरबारात विणकराला खांबाला बांधले होते. सोमिलने नवे मडके लाखेने बंद केले, ते युवराजाच्या मडक्याशेजारी ठेवले आणि दोन्हींवर वस्त्र टाकून त्यांची जागा फिरवली.

"महाराज, मडकी सारखीच आहेत. युवराजांचं कोणतं ते आपणच ओळखा. चुकीचं फोडलं तर युवराज उठणार नाहीत."

राजाने दोन्हींना कान लावला. "हे," तो लगेच म्हणाला. "'बाबा, लवकर करा' म्हणतोय."

सोमिलने वस्त्र काढले. राजमुद्रा दुसऱ्या मडक्यावर होती.

"मग यात कोण बोललं?" राजाने विचारले.

"भूत शिरलं असेल!" पुरोहित म्हणाला.

"हे सकाळीच आव्यातून निघालंय, त्यात कुणीच नाही," सोमिल म्हणाला. मग त्याने आपल्या बायकोच्या मडक्याची गोष्ट सांगितली. "महाराज, कान होता, घूं घूं होती, मनात ओढ होती. ती एकत्र आली तेवढ्यापुरतं चित्त उपजलं, आणि मावळलं. लाकूड आणि वारा आहे तोवर आव्यात आग असते. आवा विझल्यावर ती आग मी कोणत्या मडक्यात भरून ठेवू?"

"म्हणजे माझा मुलगा इथे नव्हताच?"

"नव्हता. बोलत होता तो आपला शोक. आणि आता त्याला देह हवा आहे."

राजाने ते रिकामे मडके पुन्हा कानाशी नेले. सगळे कळूनही आतून हाक येतच होती. बाबा, बाबा. राजाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मडके कानाशी तसेच धरून तो म्हणाला, "विणकराला सोडा."

विहारात शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, ही कथा सांगत होते तेव्हा त्यांच्यासमोर वेणुक नावाचा भिक्षू बसला होता. विज्ञान, म्हणजे जाणणारे चित्त, एका देहातून दुसऱ्या देहात जसेच्या तसे जाते, असे तो सर्वांना ठासून सांगे. शास्ते म्हणाले, "वेणुका, तेव्हाचा पुरोहित म्हणजे तुझ्या बोलण्यावर मान डोलावणारा हा भिक्षू कालक. विणकर म्हणजे आज सकाळी तुझ्या पात्रात भात वाढणारा उपासक. कुंभार मी होतो, आणि राजा तू. तो राजा जसाच्या तसा तुझ्यात येऊन बसलेला नाही. पण त्याला लागलेली ओढ अजून विझलेली नाही, म्हणून तू आजही मडक्याला कान लावून बसला आहेस."

हाक ऐकू येत असतानाही आत कुणी नाही हे जाणणे आणि त्याप्रमाणे वागणे, ही प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची पराकाष्ठा.