गाय देऊन आणलेली बंदूक

फार जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावाच्या पाठीला दाट रान, आणि रान संपलं की लगेच जोंधळ्याची शेतं. त्या गावात एक नवराबायको राहत होते. त्यांना एकच लेक, सहा वर्षांची. तिला सगळे ठकू म्हणत. दारात एक दुभती गाय, एक शेळी, चार कोंबड्या. खाऊनपिऊन सुखी होते.

रान जवळ म्हटल्यावर रानडुकरं आलीच. पण गावाने त्यावर एक रीत घालून दिली होती. पीक उभं राहिलं की प्रत्येक शेतात चार खांबांवर माळा बांधायचा. राखणदाराने माळ्यावर बसायचं आणि थोड्या थोड्या वेळाने हाळी द्यायची. वरच्या शेतातला ओरडायचा, "आहे का रेऽ?" शेजारच्या माळ्यावरून उत्तर यायचं, "आहे रेऽ." मग तो आपल्या पलीकडच्याला विचारायचा. अशी ती हाळी शेताशेतांतून नदीपर्यंत जायची आणि तिथून परत यायची. इतकी माणसं जागी आहेत हे ऐकूनच डुकरं रानात मागे फिरत.

आणखी एक नेम होता. हाळी दिल्याशिवाय आणि उत्तर आल्याशिवाय कुणी बांधावरून पिकात पाऊल टाकायचं नाही. जोंधळा माणसाच्या डोक्यावर जातो. आत कोण शिरलंय, हे बाहेरच्याला कळायला नको का?

एकदा काय झालं, ठकू बांधावर बोरं वेचत होती. एक डुक्कर जोंधळ्यातून निघालं आणि तिच्या समोरून धाडधाड पळत रानात गेलं. तिला ते शिवलंसुद्धा नाही. ठकू घरी येऊन हसतच म्हणाली, "आई, त्याची शेपटी एवढीशीच असते गं."

पण आईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. तिला घास गोड लागेना. लेक अंगणात दिसली नाही की तिचा हात कामावरून उठायचा. शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, काहीतरी करा. नुसत्या ओरडण्याने काय होतंय? उद्या पोरीला काही झालं म्हणजे?"

"काय करू म्हणतेस?"

"ते मला काय विचारता. पण करा काहीतरी."

पुढच्या आठवड्यात शेजारगावी जत्रा होती. तिथे एक परमुलखातला सौदागर बंदुका घेऊन बसला होता. त्याने एक मडकं दूर ठेवलं, बंदुकीत दारू ठासली, छर्रे भरले, आणि चाप ओढला. मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या. लोक चार पावलं मागे सरले. सौदागर म्हणाला, "ही नुसती घरात टांगा. डुक्कर तुमच्या गावाची वाट विसरतं की नाही बघा."

नवरा घरी आला आणि खाली मान घालून म्हणाला, "बंदूक मिळते आहे. पण तो गाय मागतो."

बायकोने गोठ्याकडे बघितलं. ठकू नुकतीच दूध पिऊन उठली होती, ओठावर पांढरी रेघ होती. आईने पदराने ती रेघ पुसली.

"द्या," ती म्हणाली. "पोर सुखरूप राहिली तर दूध काय, पुन्हाही मिळेल."

अशी गाय गेली आणि बंदूक आली.

नवऱ्याने ती ओसरीवरच्या खुंटीला टांगली. संध्याकाळी आई बघते तर ठकूचा हात बंदुकीच्या दस्त्यावर. "बघू दे ना गं, गार लागते." नवऱ्याने खुंटी वर ठोकली. चार दिवसांनी ठकू धान्य मापायची पायली पालथी घालून तिच्यावर उभी. मग बंदूक आढ्याला गेली. आई आढ्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, पोरीचा हात तर वर्षाला चार बोटं वर जाणार, आणि आढ्याच्या वर घराला जागा नसते. आधी तिला रानाची एकच भीती होती. आता घरातही एक भीती टांगलेली होती. पण हे बोलायचं कुणाजवळ? गाय द्या, असं तीच म्हणाली होती.

बंदुकीने कामही धड केलं नाही. पहिल्या दिवशी सांजेला डुक्कर आलं. नवऱ्याने बार काढला. छर्रे आभाळात गेले, डुक्कर रानात गेलं, आणि दस्त्याचा असा दणका बसला की आठ दिवस त्याचा खांदा वर होईना. बायको हळद तापवून लावायची. आवाजाला बिचकून कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्या. दुसऱ्या वेळेला दारू नुसतीच फुसफुसली. जत्रेत कोरडं ऊन होतं. इथे थंडीचे दिवस, पहाटेचं दव. दारूला ओल धरली की बंदूक आणि मुसळ सारखंच, हे सौदागराने सांगितलं नव्हतं.

गावाला चेष्टेला विषय मिळाला. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "काय गं, बंदूक दूध किती देते?" पारावर कुणी म्हणायचं, "डुक्कर रोज येऊन विचारतं म्हणे, आज बार आहे का सुट्टी?"

नवरा हसायचा नाही. त्याच्या मनाने घेतलं, एक तरी डुक्कर लोळवायचं आणि पारावर आणून टाकायचं. त्याशिवाय ही तोंडं बंद व्हायची नाहीत. पण हाळी चालू असली की डुकरं क्वचितच जवळ येत. मग बार काढायचा कुणावर?

एके दिवशी तो शेजारच्या माळ्यावरच्या आबांकडे गेला. आबा गावातले सगळ्यात जुने राखणदार. तो म्हणाला, "आबा, आजपासून माझ्या शेतापाशी हाळी देऊ नका. मीही देणार नाही. डुक्कर जरा आत तर येऊ दे."

आबांनी गोफण मांडीवर ठेवली. "आत येऊ दे?"

"म्हणजे मारता येईल ना."

"बाबा रे," आबा म्हणाले, "तुला डुक्कर हाकलायचंय का मारायचंय, ते आधी ठरव. बंदूक आणलीस तेव्हा तू म्हणालास, डुक्कर येऊ नये म्हणून आणली. आता डुक्कर यावं म्हणून बसतोस होय?"

"तुम्हाला नाही कळायचं ते."

"नसेल कळत. पण हाळी एका जागी तुटली की पुढच्यांना कसं कळणार, तू आहेस का नाहीस?"

नवरा तसाच निघून आला. घरी आल्यावर त्याने ठकूलाही बजावलं, "शेताकडे आलीस तर बांधावरून ओरडायचं नाही. गुपचूप यायचं. कळलं?"

ठकूने मान हलवली. आईने ऐकलं. तिला ते बरं वाटलं नाही, पण ती गप्प राहिली. तिला वाटलं, एकदाचं डुक्कर पडू दे, म्हणजे ह्यांचं डोकं शांत होईल.

असे बरेच दिवस गेले. गावाची हाळी त्याच्या शेतापाशी येऊन थांबू लागली.

एका सकाळी धुकं पडलं होतं. नवरा उजाडायच्या आतच माळ्यावर गेला होता. रोज न्याहारी घेऊन आई स्वतः जायची, कधी लेकीला धाडायची नाही. पण त्या दिवशी शेळी व्यायला लागली होती आणि पिल्लू अडलं होतं. गाय गेल्यावर पोरीच्या दुधाला ती शेळीच उरली होती. आईचे दोन्ही हात अडकलेले. ती म्हणाली, "ठकू, एवढी भाकरी बाबांना देऊन ये. बांधाबांधाने जा."

ठकूने फडक्यात बांधलेली भाकरी डोक्यावर घेतली. दारात थांबून तिने विचारलं, "आई, हाळी देऊ?"

आईचं सगळं लक्ष शेळीकडे होतं. "नको गं. बाबा रागावतात. गुपचूप जा."

ठकू गेली. पिल्लू बाहेर आलं, शेळीने ते चाटायला घेतलं. आईने हात धुवायला पाणी घेतलं, आणि आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. तांब्या तिथेच पडला. ती तशीच अनवाणी धावत सुटली.

बांधावर पोचली तेव्हा धुकं कमरेएवढं खाली बसलं होतं. बांधावर लेक नव्हती. समोर जोंधळा हलत होता. एक एक धाट बाजूला होत होतं आणि ती हालचाल सरळ माळ्याकडे चालली होती. माळ्यावर नवरा एका गुडघ्यावर बसला होता. बंदुकीचं तोंड त्या हलत्या जोंधळ्याबरोबर हळूहळू फिरत होतं.

तिला ओरडायचं होतं. जन्मभर ऐकलेली हाळी, तीही तोंडात येईना. तिने नुसतेच दोन्ही हात वर केले. नवऱ्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

त्याने चाप ओढला.

खट्.

दारूला पहाटेचं दव लागलं होतं. बार निघाला नाही. नळीतून थोडासा धूर आला आणि विरून गेला. त्याने दात खाल्ले, बंदुकीला एक शिवी दिली आणि पुन्हा दारू ठासायला वाकला. तेवढ्यात माळ्याखालचा जोंधळा दुभंगला आणि डोक्यावर फडकं घेतलेली ठकू वर बघत उभी राहिली.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "मी अजिबात आवाज नाही केला."

माळ्यावरून तो कसा उतरला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. तो मातीतच बसला आणि लेकीच्या पायांना नुसता हात लावत राहिला. आई आली, तिने पोरीला पोटाशी धरलं. भाकरी फडक्यातच राहिली.

मग तो म्हणाला, "दारू कोरडी असती तर..."

"बोलू नका," ती म्हणाली. "आणि एकट्याला दोष लावून घेऊ नका. गुपचूप जा, असं मीच सांगितलं तिला. गाय द्या असंही मीच म्हणाले."

महिनाभर बंदुकीच्या ज्या खोटीला ते कपाळ बडवून घेत होते, त्याच खोटीने त्या दिवशी लेक राखली. पण असं दैव रोज रोज कामाला येत नाही, हे दोघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "जत्रेत नेऊन टाकतो. गाय नाही तर एखादी कालवड तरी मिळेल."

बायको म्हणाली, "घेणाऱ्याच्या घरातही लेकरं असतील."

मग त्याने बंदूक लोहाराकडे नेली. "याचे दोन विळे, एखादं खुरपं करून दे." लोहाराने नळी तापवली, हातोडा घातला, आणि मान हलवली. "कच्चं लोखंड आहे. याला धार धरायची नाही. गाय देऊन आणलीस ना ही?" नवरा निखाऱ्यांकडे बघत राहिला. लोहाराने नळीचं तोंड ठोकून चपटं केलं, त्याला एक भोक पाडलं आणि लाकडी दस्ता भट्टीत सारला. "घे. माळ्याला टांग. दगडाने वाजव. तेवढंच तिचं काम."

त्या संध्याकाळी त्याने नळी माळ्याच्या खांबाला टांगली आणि दगड मारला. टण्ण आवाज तीन शेतं ओलांडून गेला. मग तो आबांच्या माळ्याकडे तोंड करून ओरडला, "आबा, आहे का होऽ?"

मग उत्तर आलं, "आहे रेऽ. तू आहेस का?"

"आहे होऽ."

ती हाळी पुढे नदीपर्यंत गेली आणि परत आली.

पण गेलेलं सगळंच परत आलं नाही. गाय आली नाही. आणि ठकू हाळी देईना. आता ती आईबरोबर न्याहारी घेऊन यायची, पण बांधावर मुकाट उभी राहायची. घरातही दबकत चालायची, हळूच बोलायची. बाबांनी एकदा सांगितलेलं तिने मनात घट्ट धरलं होतं. लेकरांना सांगितलेलं पुसून टाकणं सोपं नसतं.

बाप रोज सकाळी माळ्यावरून नळी वाजवायचा आणि विचारायचा, "बांधावर कोण आहे गंऽ?" ठकू आईचा पदर धरायची. बाप थांबायचा, पुन्हा विचारायचा, रागवायचा नाही. मग आईच उत्तर द्यायची.

पीक काढणीला आलं. एके दिवशी ठकू म्हणाली, "आज मी एकटी जाते."

आई तिच्याबरोबर निघणार होती. पण लेक दोरीने बांधून ठेवता येत नाही. तिने फडकं बांधून दिलं आणि दुसरी भाकरी थापायला घेतली. कान मात्र शेताकडे. नळी वाजली. बापाचा आवाज आला, "बांधावर कोण आहे गंऽ?" आईचा हात भाकरीवर थांबला.

मग रानापर्यंत जाईल असा आवाज आला, "मी आहे, बाबाऽ. मीऽ, ठकूऽ."

"ये गं माझी बायऽ."

आईने डोळे पुसले. तव्यावरची भाकरी करपली होती. तिने ती काढून स्वतःच्या ताटात ठेवली आणि दुसरी थापायला बसली.

तात्पर्य लहानांसाठी थोडं आणि मोठ्यांसाठी जास्त: ज्या वस्तूपासून लेकराला जपावं लागतं, ती वस्तू लेकराला जपत नाही.