खारीचं दार आणि आजोबांची सुपारी

एक होती खार. इवलीशी. तिचं नाव झिपरी.

समुद्राजवळ एक वाडी. वाडीत एक आंब्याचं झाड. आंब्यात एक ढोली. ढोलीत झिपरीचं घर. घरात कापसाची मऊ मऊ गादी.

एकदा काय झालं? वादळ आलं! घूंऽऽ घूंऽऽ घूंऽऽ! कौलं उडाली, माड वाकले. शेजारचं फणसाचं झाड पडलं धाडकन! फणसाची जाडजूड फांदी बसली झिपरीच्या दारावर. दार बंद!

झिपरी बाहेर. गादी आत. वादळाने सगळा खाऊ नेला. उरली एक सुपारी. ती झिपरीने गालात जपून ठेवली.

एक दिवस गेला. दोन दिवस गेले. चार दिवस गेले! फांदी काही हलेना. वाडीतली मोठी माणसं, म्हणजे मोठे प्राणी हो, नुसती बसून. आभाळ पुन्हा काळं झालं. गुडगुड, गुडगुड!

"अगं बाई गं! पाऊस आला तर मी निजू कुठे?" झिपरी म्हणाली. शेपटी आपटली, फट्! आणि निघाली टुणुक टुणुक.

गोठ्यात होता बैल.

"बैलकाका, बैलकाका, फांदी ओढा! फांदी हलली की माझं दार उघडेल."

बैल म्हणाला, "ओढीन की गो! पण आधी मी? छे छे! वाटेत पाला किती पडलाय. आधी बकरीला पाला खाऊ दे."

"अगं बाई गं!" झिपरीने शेपटी आपटली, फट्! निघाली टुणुक टुणुक. गोठ्यातलं वासरू म्हणालं, "आमचे काका असेच. चल, मी पण येतो." तेही निघालं ठुमक ठुमक.

कुंपणाशी होती बकरी.

"बकरीमावशी, बकरीमावशी, पाला खा! तू पाला खाल्लास की बैल ओढेल. बैलाने ओढलं की फांदी हलेल. फांदी हलली की माझं दार उघडेल."

बकरी म्हणाली, "खाईन की गो! पण आधी मी? छे छे! पाल्यात लाल मुंग्या आहेत. जिभेला चावतात मेल्या! आधी कोंबड्याला मुंग्या टिपू दे."

"अगं बाई गं!" झिपरीने शेपटी आपटली, फट्! निघाली टुणुक टुणुक. मागे वासरू ठुमक ठुमक. बकरीचं करडू म्हणालं, "आमची आई अशीच. मी पण येतो." तेही निघालं टण टण टण.

गडग्यावर, दगडी कुंपणावर, होता कोंबडा.

"कोंबडेमामा, कोंबडेमामा, मुंग्या टिपा! तुम्ही मुंग्या टिपल्या की बकरी पाला खाईल. बकरीने पाला खाल्ला की बैल ओढेल. बैलाने ओढलं की फांदी हलेल. फांदी हलली की माझं दार उघडेल."

कोंबडा म्हणाला, "टिपीन की गो! पण आधी मी? छे छे! वाडीच्या कामाला पहिला हात कासवआजोबांचा. तो त्यांचा मान! आधी आजोबांना हात लावू दे."

"अगं बाई गं!" झिपरीने शेपटी आपटली, फट्! निघाली टुणुक टुणुक. मागे वासरू ठुमक ठुमक. मागे करडू टण टण टण. कोंबड्याचं पिल्लू म्हणालं, "आमचे बाबा असेच. मी पण येतो." तेही निघालं तुरुतुरु.

तळ्याकाठी होते कासवआजोबा. मान आत, पाय आत. नुसती पाठ बाहेर.

"कासवआजोबा, कासवआजोबा, पहिला हात लावा! तुम्ही पहिला हात लावला की कोंबडा मुंग्या टिपेल. कोंबड्याने मुंग्या टिपल्या की बकरी पाला खाईल. बकरीने पाला खाल्ला की बैल ओढेल. बैलाने ओढलं की फांदी हलेल. फांदी हलली की माझं दार उघडेल."

आतून आवाज आला, "लावीन की गो बाय! पण मला बोलावणं कुठंय? मानाची सुपारी कुठंय?"

"सुपारी? ती कोण ठेवतं?"

"पोरं ठेवतात. वाडीतली धाकटी पोरं. मोठ्यांनी ठेवायची नसते. मी चार दिवस वाट बघतोय!"

"मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?" झिपरी ओरडली.

"कुणी विचारलंच नाही," आजोबा म्हणाले.

आता काय म्हणावं या मोठ्यांना! झिपरीने शेपटी आपटली. फट्! फट्! फट्!

गालातली सुपारी तिने बाहेर काढली. शेवटचा खाऊ तो. पोटात कावळे तर कावकाव करत होते. पण आभाळ गुडगुडलं. झिपरीने सुपारी ठेवली आजोबांपुढे. टुक्!

आजोबांची मान बाहेर आली. चार पाय बाहेर आले. आजोबा निघाले. एक पाऊल. थांबले. दुसरं पाऊल. पुन्हा थांबले.

"अगं बाई गं! असं तर उद्याच उजाडेल!"

मग झिपरीने ढकललं. वासराने ढकललं. करडाने ढकललं. पिल्लाने पण ढकललं, चोचीने. हैया हो! हैया हो! आजोबा पोचले फणसापाशी. त्यांनी तोंडात एक काडी धरली. बाजूला ठेवली. "झालं. पहिला हात लागला."

"एवढंच?" चौघं ओरडली.

"एवढंच," आजोबा म्हणाले.

आजोबांनी हात लावला, कोंबड्याने मुंग्या टिपल्या. टुकटुक टुकटुक!
कोंबड्याने मुंग्या टिपल्या, बकरीने पाला खाल्ला. चरचर चरचर!
बकरीने पाला खाल्ला, बैलाने फांदी ओढली. खर्रर्र खर्रर्र!
बैलाने ओढलं, फांदी हलली. धप्प!
फांदी हलली, झिपरीचं दार उघडलं!

गादी तशीच होती. मऊ मऊ. कोरडी कोरडी. झिपरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने गादीवर एक उडी मारली. टुणुक!

आजोबांनी कवचात जपलेली सुपारी झिपरीच्या हातात दिली. "घे गो बाय. मला दात कुठे आहेत? आणि आता पहिला हात तुम्हा पोरांचा. म्हातारा मी, फार वेळ लावतो."

तेवढ्यात कोंबडा म्हणाला, "माझं खुराडं पण मोडलंय हो!"

बैल म्हणाला, "उचलीन की! पण आधी—"

झिपरीने बघितलं. वासराने बघितलं. करडाने बघितलं. पिल्लाने पण बघितलं. शेपटी वर गेली. "आधी काय, बैलकाका?"

"आधी... काही नाही," बैल म्हणाला. आणि निघाला मुकाट्याने.

पाऊस आला टप टप टप. खुराडं उभं राहिलं. झिपरी गादीवर बसली आणि सुपारी खाल्ली, कुटुर कुटुर.

खारीचं दार उघडलं, गोष्टीचं दार मिटलं!